आज्ञा आणि तिचा तपशील : बॉटला प्रश्न कसा कळतो?

केवळ क्रियापदाने आज्ञा पुरी होत नाही. ‘आण’ एवढेच म्हटले, तर ऐकणारा लगेच विचारतो, ‘काय आणू? कोठून आणू?’ भारतीय वैयाकरणांनी ही गोष्ट फार प्राचीन काळी ओळखली होती. वाक्यातील ज्या शब्दांचा क्रियेशी साक्षात संबंध असतो त्यांना पाणिनीय व्याकरणात कारके म्हणतात. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण अशी ती सहा आहेत. काय करावयाचे ते क्रियापद सांगते; कोणी, कोणावर, कशाने, कोठून आणि कोठे करावयाचे, ते कारके सांगतात.

संगणकाला दिलेल्या आज्ञेचीही स्थिती अशीच असते. रेल्वेच्या प्रवाशाला आपले आरक्षण निश्चित झाले की नाही हे पाहावयाचे असल्यास १३९ या क्रमांकावर ‘पीएनआर’ असे लिहून त्यापुढे आपल्या तिकिटावरील दहा अंकी क्रमांक पाठविण्याची सोय रेल्वेने केली. येथे ‘पीएनआर’ ही आज्ञा झाली व दहा अंकी क्रमांक हा तिचा तपशील झाला. संगणकशास्त्राच्या परिभाषेत या तपशिलाला ‘आर्ग्युमेंट’ असे म्हणतात. या लेखात ‘तपशील’ हाच सोपा शब्द वापरला आहे. आयकर विभागाने २०१७ साली पॅन आणि आधार यांची जोडणी संदेशाद्वारे करण्याची सुविधा दिली, तेव्हा ‘यूआयडीपॅन’ या आज्ञेपुढे एक जागा सोडून बारा अंकी आधार क्रमांक व पुन्हा एक जागा सोडून दहा अक्षरी पॅन क्रमांक लिहावा लागे. ती दोन तपशिलांची आज्ञा होती.

ज्या आज्ञावलीशी मनुष्य लेखी संदेशांच्या द्वारे बोलतो तिला बॉट असे म्हणतात. बॉटचे काम पुष्कळदा एका लहानशा स्क्रिप्टवर, म्हणजे क्रमवार लिहिलेल्या सूचनांच्या यादीवर, चालते. हिशेबाचे सूत्र लिहिणे हा त्या स्क्रिप्टचा सोपा भाग होय. अवघड भाग त्याच्या आधीचा असतो : माणसाने लिहिलेल्या ओळीतून नेमका तपशील वेगळा काढणे, तो तपासणे आणि तो अपुरा किंवा संदिग्ध असल्यास तसे स्पष्ट सांगणे. हा भाग कसा रचावा, हे जयपूरच्या एका उदाहरणावरून चांगले समजते.

जयपूरचे दगडी घड्याळ

सवाई जयसिंह (१६८८–१७४३) याने १७२७ साली जयपूर शहर वसविले आणि तेथे वेधशाळा उभारली. ‘जंतर मंतर’ या नावाने ती प्रसिद्ध असून २०१० साली युनेस्कोने तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तेथील सर्वांत मोठे यंत्र म्हणजे सम्राट यंत्र. ही सुमारे २७ मीटर उंचीची दगडी छायाघटिका आहे. तिची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतकी, सुमारे २७ अंशांनी कललेली आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंस वर्तुळाच्या चापासारखे बांधकाम असून त्यावर वेळेच्या खुणा कोरलेल्या आहेत. सकाळी भिंतीची छाया पश्चिमेकडील चापावर पडते, दुपारनंतर पूर्वेकडील चापावर. या चापाची त्रिज्या सुमारे १५ मीटर असल्यामुळे छाया तासाला जवळजवळ ४ मीटर सरकते. एका मिनिटात साडेसहा सेंटिमीटर! छायेची ही चाल नुसत्या डोळ्यांनी दिसते.

तथापि हे यंत्र पाहणारा पुष्कळदा गोंधळतो. यंत्रावरील वेळ आणि त्याच्या मनगटावरील वेळ यांचा मेळ बसत नाही. यंत्र चुकलेले नसते. ते जयपूरची सूर्यवेळ दाखविते, आणि मनगटी घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखविते. या फरकाची कारणे दोन आहेत.

पहिले कारण रेखांशाचे. प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व या रेखांशावरून मोजली जाते. जयपूर सुमारे ७५ अंश ४९ कलांवर आहे. हे अंतर ६ अंश ४१ कला भरते. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात, म्हणून जयपूरची सूर्यवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. हा फरक वर्षभर तोच राहतो.

दुसरे कारण तारखेवर अवलंबून आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे; त्यामुळे एका मध्याह्नापासून दुसऱ्या मध्याह्नापर्यंतचा काळ नेमका २४ तासांचा नसतो. हा फरक साचत जाऊन छायाघटिका कधी पुढे जाते, कधी मागे पडते. या फरकाला काल-समीकरण म्हणतात. ३ नोव्हेंबरच्या सुमारास छायाघटिका सुमारे १६ मिनिटे पुढे असते; ११ फेब्रुवारीच्या सुमारास ती सुमारे १४ मिनिटे मागे असते; एप्रिलच्या मध्यास, जूनच्या मध्यास, सप्टेंबरच्या आरंभी आणि नाताळाच्या दिवशी हा फरक शून्याजवळ येतो.

आता अशी कल्पना करावी की, वेधशाळेस भेट देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक बॉट रचावयाचा आहे. विद्यार्थ्याने यंत्रावरील वेळ कळवावी आणि बॉटने त्या क्षणाची प्रमाणवेळ सांगावी. आज्ञा अशी ठरविली :

/वेळ २२-१२ ११:३०

येथे तिरकी रेघ ही ‘पुढे आज्ञा आहे’ असे सांगणारी खूण होय. ‘वेळ’ हे आज्ञेचे नाव. ‘२२-१२’ ही तारीख हा पहिला तपशील आणि ‘११:३०’ ही यंत्रावर वाचलेली वेळ हा दुसरा. २२ डिसेंबरला छायाघटिका सुमारे दीड मिनिट पुढे असते. म्हणून ११:३० मधून ते वजा करून रेखांशाची २७ मिनिटे मिळविली की, उत्तर सुमारे ११:५५ येते. घड्याळात पाहून विद्यार्थ्याला ते पडताळता येते.

शाळेत भूमिती शिकलेल्या वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटेल. प्रमेयाच्या आरंभी ‘पक्ष’ लिहितात, म्हणजे काय दिलेले आहे ते. नंतर ‘साध्य’, म्हणजे काय सिद्ध करावयाचे ते. जयसिंहाच्या दरबारातील महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडच्या भूमितीचा अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने अनुवाद केला. त्या शास्त्राची सारी भिस्त पक्ष नेमका मांडण्यावर आहे. बॉटच्या आज्ञेतही तपशील हा पक्ष आहे. तो चुकला, तर पुढील सर्व हिशेब अचूक असूनही उत्तर चुकीचे येते.

ओळीचे तुकडे

संगणकाला आलेली ओळ ही त्याच्या दृष्टीने केवळ अक्षरांची एक माळ असते. मोकळी जागा दिसेल तेथे ती तोडावी, हा सर्वांत साधा नियम होय. वरील ओळीचे त्यामुळे तीन तुकडे होतात. परंतु एवढ्या साध्या नियमातही अडचणी आहेत. कोणी दोन शब्दांमध्ये दोन-तीन जागा सोडतो. तेथे रिकामा तुकडा निघू नये. कोणी ‘२२ डिसेंबर ११:३०’ असे लिहितो. तेथे एकाच तारखेचे दोन तुकडे होतात.

ठिकाणांची नावे आली की अडचण आणखी वाढते. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे जावे हे सांगणारी ‘/मार्ग’ ही आज्ञा असून कोणी ‘/मार्ग हवा महल जंतर मंतर’ असे लिहिले, तर आज्ञेच्या नावापुढे चार तुकडे निघतात. पहिले नाव कोठे संपले हे स्क्रिप्टला कळण्यास साधन नाही. यावर जुना उपाय म्हणजे नाव अवतरणचिन्हांत घालणे. पण त्यातही एक खोच आहे : पुष्कळ मोबाईलवर अवतरणचिन्ह टंकले की ते आपोआप वळणदार होते, आणि स्क्रिप्ट सरळ चिन्हाचीच वाट पाहत असते. म्हणून दोन्ही प्रकारची चिन्हे ओळखणे आवश्यक ठरते.

मराठी भाषेने या प्रश्नावर आपला असा उपाय फार पूर्वीच योजिला आहे. ‘दिल्लीहून जयपूरला’ आणि ‘जयपूरला दिल्लीहून’ या दोहोंचा अर्थ एकच. कारण शब्दाचे कार्य त्याच्या स्थानावरून नव्हे, तर ‘हून’ आणि ‘ला’ या प्रत्ययांवरून कळते. संगणकाच्या आज्ञांतही हे दोन मार्ग आहेत. ‘पहिला तुकडा तारीख, दुसरा वेळ’ असा नियम केल्यास तो स्थानावर आधारलेला होतो. तो टंकावयास सोपा, पण क्रम विसरणाऱ्यास घातक. ‘तारीख=२२-१२ वेळ=११:३०’ असे लिहावयास लावल्यास प्रत्येक तपशिलावर त्याच्या कार्याचा शिक्का बसतो व क्रम कसाही चालतो; मात्र लिहिणे वाढते. तपशील दोनच असतील तर पहिला मार्ग पुरे होतो. चार-पाच असतील तर दुसरा बरा. आपल्या उदाहरणात तिसरीही एक सोय आहे : ज्यात विसर्गासारखे दोन ठिपके आहेत ती वेळ, ज्यात महिन्याचे नाव आहे ती तारीख, असे रूपावरूनच ओळखता येते.

अंक आणि शब्द

माणसाला ‘११’ हा आकडा देवनागरीत असो वा इंग्रजीत, एकच वाटतो. संगणकाला तसे वाटत नाही. युनिकोड या सार्वत्रिक लिपिसंकेतात इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आहे आणि देवनागरी शून्याचा २४०६. म्हणून स्क्रिप्टने हिशेबास आरंभ करण्यापूर्वी सर्व अंक एकाच रूपात आणले पाहिजेत. हे काम कठीण नाही : देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. हे न केल्यास स्क्रिप्ट मराठी अंक लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुझी वेळ चुकीची आहे’ असे सांगेल; वस्तुतः चूक स्क्रिप्टची असेल. अक्षरांच्या बाबतीतही असेच घडते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्ध्या ‘र’चे चिन्ह युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साधता येते. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण संगणकाला ते भिन्न वाटतात. तुलना करण्यापूर्वी तेही एका रूपात आणावे लागतात.

त्याहून मौजेचा प्रश्न वेळेच्या शब्दांचा आहे. मराठी माणूस ‘साडेअकरा’, ‘पावणेबारा’, ‘सव्वादहा’ असे सहज लिहितो. यांना नियम आहेत : ‘सव्वा’ म्हणजे पंधरा मिनिटे अधिक, ‘साडे’ म्हणजे तीस अधिक, ‘पावणे’ म्हणजे पंधरा उणे. परंतु साडेएक व साडेदोन असे कोणी म्हणत नाही. त्यांना दीड व अडीच हे स्वतंत्र शब्द आहेत, आणि ‘पाऊण वाजला’ म्हणजे पाऊणशे नव्हे, तर पाऊण तास, बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे. स्क्रिप्टने हे शब्द स्वीकारावयाचे ठरविले, तर अपवादांसह सर्व स्वीकारावे. स्वीकारावयाचे नसल्यास तसे आधीच सांगावे. ‘साडेअकरा’ समजतो पण ‘अडीच’ समजत नाही, असा बॉट वापरणाऱ्याला चकवितो.

तपासणीच्या तीन पायऱ्या

तुकडे वेगळे झाले, त्यांना एक रूप आले. पण एवढ्याने ते ग्राह्य ठरत नाहीत. त्यांची तपासणी तीन पायऱ्यांनी करावी.

पहिली पायरी रूपाची. वेळेच्या जागी वेळेसारखे काही आहे काय? ‘११:३०’ हे रूप बरोबर. ‘अबक’ हे नाही.

दुसरी पायरी मर्यादेची. ‘११:७५’ याचे रूप वेळेसारखेच आहे, पण मिनिटे ५९ च्या पुढे जात नाहीत. ‘३१-२’ यात दोन्ही अंक आपापल्या मर्यादेत आहेत, तरी फेब्रुवारीत ३१ तारीख नसते. म्हणजे येथे एका तपशिलाच्या दोन भागांचा एकत्र विचार करावा लागतो.

तिसरी पायरी अर्थाची. ‘२३:००’ ही वेळ रूपाने शुद्ध आहे, मर्यादेतही आहे; परंतु रात्री अकरा वाजता छायाघटिकेवर छाया पडत नाही. येथे स्क्रिप्टला केवळ अंकांचे नव्हे, सूर्याचेही ज्ञान हवे. कोणी वेधशाळेचे नाव म्हणून ‘मथुरा’ लिहिले, तर जयसिंहाने तेथे वेधशाळा बांधली होती हे खरे. पण ती आज शिल्लक नाही, तेव्हा तेथील यंत्रावर वेळ वाचणे शक्य नाही.

या तिसऱ्या पायरीवर एक नाजूक भेद लक्षात घ्यावा लागतो. विद्यार्थ्याने ‘३:३०’ एवढेच लिहिले. सकाळ की दुपार हे लिहिले नाही. पहाटे साडेतीनला सूर्य नसतो, म्हणून ही वेळ दुपारचीच असली पाहिजे. हे अनुमान सूर्याच्या गतीवर आधारलेले असून त्यास दुसरा पर्यायच नाही. ते स्क्रिप्टने खुशाल करावे. आता ‘६:३०’ घ्या. जयपूरला २१ जूनच्या सुमारास सूर्यवेळेप्रमाणे सूर्य सकाळी सुमारे ५:०९ ला उगवतो आणि सायंकाळी सुमारे ६:५१ ला मावळतो. म्हणजे सकाळचे साडेसहा व सायंकाळचे साडेसहा दोन्ही शक्य आहेत. २२ डिसेंबरला तो सुमारे ६:५१ ला उगवून ५:०९ ला मावळतो; त्या दिवशी यांपैकी एकही शक्य नाही. एकच तपशील एका तारखेस संदिग्ध ठरतो व दुसऱ्या तारखेस अशक्य! जूनमध्ये स्क्रिप्टने ‘बहुधा सायंकाळ असेल’ असे धरून चालणे हे अनुमान नव्हे, तो अंदाज होय. तेथे विचारावेच लागते.

३-११ : दोन अर्थांची तारीख

संदिग्धतेचे सर्वांत धोक्याचे उदाहरण तारखेचे आहे. भारतात ‘३-११’ म्हणजे ३ नोव्हेंबर. अमेरिकेत महिना आधी लिहिण्याची रीत आहे. तेथील पाहुणा ‘३-११’ असे ११ मार्चला लिहील. जयपूरला परदेशी प्रवासी मोठ्या संख्येने येतात, तेव्हा हा प्रश्न काल्पनिक नाही.

दोन्ही अर्थांनी हिशेब करून पाहावा. यंत्रावर बरोबर १२ वाजले आहेत. तारीख ३ नोव्हेंबर धरली तर छायाघटिका सुमारे १६ मिनिटे पुढे. ती वजा करून २७ मिळविल्यास प्रमाणवेळ सुमारे १२:१० येते. तारीख ११ मार्च धरली तर छायाघटिका सुमारे १० मिनिटे मागे. ती मिळवून आणखी २७ मिळविल्यास सुमारे १२:३७ येते. उत्तरांत जवळजवळ अर्ध्या तासाचे अंतर पडले, आणि दोन्ही उत्तरे दिसावयास सारखीच विश्वासार्ह! चुकीचे उत्तर मिळालेला पाहुणा बॉटवर संशय घेणार नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या दगडी यंत्रालाच तो चुकीचे ठरवील.

ही चूक सहज सापडत नाही, हे तिचे दुसरे वैशिष्ट्य. लीप वर्षातील ३६६ तारखांपैकी ज्यांत दिवसाचा अंक १२ किंवा त्याहून कमी आहे अशा तारखा १४४. त्यांतील १-१, २-२ अशा बारा तारखा उलट वाचल्या तरी त्याच राहतात. बाकी १३२ तारखा दुअर्थी आहेत. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने २२-१२ घालून पाहिले, तर सर्व काही ठीक दिसेल. दोष लपून राहील.

काही स्क्रिप्टलेखक येथे औदार्य दाखवितात : आधी दिवस समजून वाचावे आणि ते जमले नाही तर उलट वाचावे. ‘१२-२२’ आले तर बावीसावा महिना नसल्यामुळे ते २२ डिसेंबर धरावे. हे औदार्य वरकरणी सोयीचे, पण परिणामी घातक आहे. तोच अमेरिकन पाहुणा ११ डिसेंबरला ‘१२-११’ लिहील, आणि स्क्रिप्ट ते १२ नोव्हेंबर म्हणून मुकाट्याने स्वीकारील. एकाच माणसाच्या एकाच सवयीचे दोन दिवशी दोन अर्थ लागतील. म्हणून ज्या तारखेचा एकच अर्थ संभवतो ती घ्यावी आणि दुअर्थी तारखेस उत्तर न देता विचारावे : ‘३ नोव्हेंबर की ११ मार्च? महिन्याचे नाव लिहा.’ एक प्रश्न अधिक विचारल्याने काही सेकंद जातात. न विचारल्याने उत्तराची किंमतच जाते.

तपशिलाबरोबर त्याचा अर्थही पोहोचला पाहिजे, याचे मोठे उदाहरण अवकाशशास्त्रात घडले आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचलेले अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान नष्ट झाले. एका आज्ञावलीने रेट्याचे आकडे पौंडाच्या एककात दिले होते आणि ते घेणाऱ्या आज्ञावलीने ते न्यूटनच्या एककात आहेत असे धरले. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. आकडा रूपाने निर्दोष होता. त्याचे एकक मात्र गृहीत धरले गेले होते.

न दिलेला तपशील

काही तपशील न दिला तरी चालावा, अशी सोय ठेवता येते. जंतर मंतर जयपूरला आहे तसे दिल्लीलाही आहे. म्हणून आज्ञेत ठिकाणाचा तिसरा तपशील ठेवावा आणि तो न दिल्यास ‘जयपूर’ धरावे. परंतु असे गृहीत धरलेले मूल्य लपवून ठेवू नये. ३ नोव्हेंबरला यंत्रावर १२ वाजले असता जयपूरला प्रमाणवेळ १२:१० असते, तर दिल्लीला रेखांशाचा फरक सुमारे २१ मिनिटांचाच असल्यामुळे ती सुमारे १२:०५ असते. म्हणून उत्तर ‘१२:१०’ एवढेच न देता ‘जयपूर, ३ नोव्हेंबर, यंत्रावर १२:००, प्रमाणवेळ सुमारे १२:१०’ असे द्यावे. विचारणाऱ्याला आपला प्रश्न कसा समजला गेला हे त्यात दिसते.

याउलट जो तपशील अवश्य आहे तो नसल्यास काहीही गृहीत धरू नये. यंत्रावरील वेळच लिहिली नसेल, तर हिशेब कशाचा करावयाचा? अधिक तपशील आले तरी ते गुपचूप टाकून देऊ नयेत. चौथा तुकडा आला याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात काही वेगळे होते. आणि ज्याची गरज नाही तो तपशील मुळात मागूच नये. काल-समीकरण वर्षावर्षाला काही सेकंदांनीच बदलते. मिनिटापर्यंतचे उत्तर हवे असल्यास साल विचारण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याचे नाव वा दूरध्वनी क्रमांक विचारण्याचे तर मुळीच नाही.

तपशिलाची आज्ञा होऊ नये

आतापर्यंत लिहिणारा सद्हेतूने लिहितो असे धरले. परंतु बॉटशी कोणीही बोलू शकतो. तपशिलाच्या जागी कोणी एखादी आज्ञाच लिहिली आणि स्क्रिप्टने ती ओळ जशीच्या तशी संगणकाच्या मूळ यंत्रणेकडे किंवा माहितीसाठ्याकडे सोपविली, तर संगणक ती आज्ञा पार पाडील. एखाद्या कचेरीत अर्जदाराने ‘नाव’ या रकान्यात ‘या अर्जदारास रक्कम द्यावी’ असे लिहावे आणि कारकुनाने तो साहेबांचा हुकूम समजावा, तसाच हा प्रकार.

डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आलेला ‘लॉगफोरशेल’ हा दोष याच जातीचा होता. संगणकावरील घडामोडींची नोंद ठेवणारी ‘लॉगफोरजे’ ही सामग्री जगभर वापरात होती. नोंद करावयाच्या मजकुरात विशिष्ट रचनेचे शब्द आले की ती त्यांना आज्ञा मानून बाहेरच्या संगणकाशी संपर्क साधत असे. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या संभाषण-चौकटीत तसा संदेश टंकणे एवढेच यंत्रणेत शिरण्यास पुरेसे ठरले. म्हणून नियम असा की, बाहेरून आलेला मजकूर हा तपशीलच राहिला पाहिजे. ‘/वेळ’ या आज्ञेला तारीख, वेळ आणि ठिकाण एवढेच हवे. तेव्हा अंक, महिन्यांची नावे आणि ठरावीक ठिकाणे यांव्यतिरिक्त काहीही पुढे जाऊ देऊ नये. ‘काय वाईट’ याची यादी कधीच पुरी होत नाही. ‘काय चालेल’ याची यादी लहान असते आणि पुरी करता येते.

नकार कसा द्यावा

तपासणीत तपशील नापास झाला म्हणजे स्क्रिप्टचे काम संपत नाही. ‘चुकीची माहिती’ एवढे दोनच शब्द परत पाठविणारा बॉट विद्यार्थ्याला भिंतीपाशी उभा करतो. चांगल्या नकारात तीन गोष्टी असाव्यात : काय मिळाले, त्यात काय बिघडले, आणि बरोबर लिहिण्याचा एक नमुना. उदाहरणार्थ :

तारीख ३१-२ अशी मिळाली. फेब्रुवारीत ३१ तारीख नसते. नमुना : /वेळ २२-१२ ११:३०

काही क्रमांकांत चूक ओळखण्याची सोय आतच असते. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून, डच गणिती व्हेरहूफ यांच्या १९६९ सालच्या पद्धतीने काढलेला असतो. त्यामुळे कोणताही एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक परस्परांच्या जागी गेले, तरी ते लगेच कळते. तारखेला असा साक्षीदार नाही. जेथे तो नसतो तेथे उत्तरात प्रश्न पुन्हा मांडणे हाच त्याचा पर्याय होय.

१९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलिझा’ ही संभाषण करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. ती समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारी आणि कशालाही काही ना काही उत्तर देई. तिला सर्व समजते असे बोलणाऱ्यांना वाटे. संभाषण चालू ठेवणे एवढाच हेतू असेल, तर तसे चालेल. परंतु ज्याच्या उत्तरावर कोणी घड्याळ लावणार आहे, गाडी पकडणार आहे किंवा आपली कागदपत्रे जोडणार आहे, त्या बॉटला हा मार्ग मोकळा नाही. समजले तेवढ्याचे उत्तर द्यावे. समजले नाही ते विचारावे. विचारूनही न कळल्यास कारण सांगून थांबावे. सम्राट यंत्र मेघाच्छादित दिवशी वेळ दाखवीत नाही, आणि म्हणूनच ऊन असताना त्याने दाखविलेल्या वेळेवर विश्वास ठेवता येतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ११ फेब्रुवारीला जयपूरच्या सम्राट यंत्रावर १२:०० वाजले आहेत. छायाघटिका त्या दिवशी १४ मिनिटे मागे असते. प्रमाणवेळ काढा.

२. दुअर्थी तारखांची संख्या १३२ येते, हे स्वतः मोजून पडताळा.

३. ‘/वेळ’ या आज्ञेला पुढील तपशील मिळाले तर कोणत्या पायरीवर काय आढळेल ते सांगा : (अ) ३०-२ १०:०० (आ) २२-१२ पावणेबारा (इ) १५ ऑगस्ट २१:१५ (ई) ५-६ ९:४०.

४. शाळेच्या ग्रंथालयात एखादे पुस्तक आहे की नाही हे सांगणाऱ्या बॉटसाठी एक आज्ञा ठरवा. तिचे अवश्य तपशील कोणते, ऐच्छिक कोणते, आणि पुस्तकाच्या नावात मोकळ्या जागा आल्यास काय करावे, ते लिहा.